बुरुजाच्या आत : बीडच्या वनजमिनी आणि कायद्याचा अंमल

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत जंगल म्हणावे असे फारसे काही दिसत नाही. दिसतात ते बालाघाटचे उघडे डोंगर, उन्हाळ्यात पिवळे पडलेले आणि आषाढ-श्रावणात हिरवे झालेले. कुसळी, मारवेल, तरवड, हिवर, बोरी, मधूनमधून सीताफळ. एखाद्या उतारावर समतल चर खणलेले असतात आणि त्यांच्या कडेने लावलेल्या रोपांपैकी काही तगलेली असतात. हा माळ पाहून कुणी त्याला वन म्हणणार नाही. सरकारी दप्तरात मात्र यातली कितीतरी जमीन वन आहे, काही राखीव, काही संरक्षित. तिथे लागू होणारा कायदा शेजारच्या शेतातल्या कायद्याहून वेगळा आहे. बांधाच्या एका अंगाचे झाड तोडले तर 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागतो, दुसऱ्या अंगाचे तोडले तर 1927 चा भारतीय वन अधिनियम.

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर आणि त्यात वन दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. गडचिरोलीत किंवा मेळघाटात वनाची हद्द झाडेच सांगतात. इथे ती सांगतो वन विभागाने हद्दीवर रचलेला दगडांचा बुरूज. तो ढासळला, कुणी हलवला किंवा नांगराखाली गेला, की जमिनीवर खूण म्हणून काही उरत नाही. वन अधिनियमाच्या कलम 63 ने वनाच्या हद्दीची खूण बदलणे, हलवणे किंवा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कायदा करणाऱ्यांना दगडांच्या त्या ढिगाचे महत्त्व पुरते कळले होते. बीडमध्ये ते आजही कळायला हवे आहे, कारण इथला वनविषयक तंटा बहुतेक वेळा झाडापेक्षा हद्दीचाच असतो.

या पुस्तकाचा विषय एका साध्या प्रश्नात मावतो. गणवेशातला माणूस वनजमिनीवर एखाद्याला अडवतो, ट्रॅक्टर जप्त करतो, घराची झडती घेतो, अटक करतो किंवा बांधकाम पाडतो, तेव्हा हे करण्याचा अधिकार त्याला कुठून येतो? उत्तर मात्र चार ठिकाणी विखुरलेले आहे. ही जमीन वन आहे असे जाहीर करणारी अधिसूचना हवी. त्या अधिसूचनेतली हद्द जमिनीवर दाखवता यायला हवी. समोर उभा असलेला अधिकारी त्या कृतीसाठी कायद्याने नेमलेला हवा. आणि कृती कायद्याने सांगितलेल्या रीतीने व्हायला हवी. यातले एक जरी निसटले, तरी ज्याच्याकडे चांगला वकील आहे तो आरोपी न्यायालयात तेवढ्या एका फटीतून बाहेर पडतो. ज्याच्याकडे वकील नाही तो बेकायदा कारवाईही मुकाट सोसतो. दोन्हीकडे हरते ते वनच. कायद्याच्या कडक अंमलाला आणि लोकांच्या हक्कांना एकमेकांचे वैरी समजण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. मला ती मुळातून चुकीची वाटते. ज्या कारवाईचा पाया पक्का आहे ती कठोर असली तरी टिकते, आणि तीच लोकांना मान्य होते.

बीडच्या बाबतीत हा पाया शोधायचा तर निजामाच्या दप्तरापर्यंत मागे जावे लागते. मुंबई इलाख्यात 1878 चा आणि पुढे 1927 चा वन कायदा चालत होता, तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे संस्थानाचे स्वतःचे कायदे होते. त्यातला शेवटचा वन कायदा 1355 फसलीचा, म्हणजे इसवी सन 1945-46 चा. सरकारी भाषा उर्दू, सन फसली, राजपत्राचे नाव जरीदा. 17 सप्टेंबर 1948 नंतर संस्थान संपले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. त्यानंतर, 1961 मध्ये, एकीकरणाच्या कायद्याने 1927 चा भारतीय वन अधिनियम या भागाला लागू झाला आणि जुन्या कायद्याखाली राखलेली वने नव्या कायद्याखाली राखलेली मानली गेली.

कायद्याच्या पुस्तकात हे एका वाक्यात उरकते, गावात मात्र त्याचा गुंता अजून आहे. एखाद्या डोंगराची मूळ अधिसूचना जरीद्यात, उर्दूत, फसली सनात असते. 1954-55 च्या खासरा पाहणीत तीच जमीन वेगळ्या सर्व्हे नंबरने आलेली असते. पुढे गट पाडले गेले आणि नंबर पुन्हा बदलले. वन विभागाचा नकाशा एक सांगतो, सातबारा दुसरे सांगतो, आणि शेतकऱ्याच्या आजोबाने घेतलेली खरेदी तिसरेच. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा खासरा पत्रके आणि मोडी-उर्दू वाचणारे जाणकार हे शब्द मराठवाड्यात घरोघर पोहोचले. त्याच कपाटांमध्ये वनाच्या हद्दीही पडून आहेत. त्यांच्यासाठी तसा शोध कुणी घेतलेला नाही, आणि तो घ्यायला हवा असे मी आग्रहाने म्हणेन.

वन राखण्याच्या या कायद्याबद्दल मराठी माणसाच्या मनातली अढीही जुनी आहे. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले, कारण डोंगर-कुरणे सरकारजमा झाल्यावर शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नव्हती. 1930 मध्ये पुसद, बिळाशी, चिरनेर अशा ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळीबारात माणसे पडली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातही जंगल सत्याग्रह झाला, शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीची नाकी उठवली गेली. वनकायदा मोडणे हे मराठवाड्यात एके काळी देशभक्तीचे काम होते. ती आठवण अजून पुसलेली नाही, आणि वनरक्षकाला आजही सरकारच्या बाजूचा परका माणूस मानले जाते त्यामागे ती आहेच.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा पाया बदलला. वन हा विषय आधी राज्यांच्या सूचीत होता. 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला आणि वने व वन्यजीव जपण्याची जबाबदारी अनुच्छेद 48-अ ने राज्यावर, 51-अ ने नागरिकावर आली. 1980 च्या वन संवर्धन अधिनियमाने केंद्राच्या संमतीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्यास मनाई केली. 2023 च्या दुरुस्तीने त्या कायद्याचे नावही बदलले. 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशात सर्वोच्च न्यायालयाने वन या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्यासारखा व्यापक घ्यायला सांगितला, मालकी कुणाचीही असो. हा सगळा भाग पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे मला रेंगाळायचे आहे ते रस्त्यावर, जिथे कायदा प्रत्यक्ष माणसाला भेटतो.

डोंगराच्या पायथ्याशी मुरूम भरलेला ट्रॅक्टर उभा आहे अशी कल्पना करा. बीडमध्ये ही कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. मुरूम बुरुजाच्या बाहेर, महसुली जमिनीत खोदला असेल, तर ते गौण खनिजाचे प्रकरण. त्यावर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली दंड आकारतो. तोच मुरूम बुरुजाच्या आतला असेल, तर तो वनोपज ठरतो, कारण वन अधिनियमाच्या व्याख्येत वनातून आणलेले दगड, माती आणि खनिजेही येतात. मग कलम 52 खाली वन अधिकारी किंवा पोलीस तो मुरूम आणि ट्रॅक्टर दोन्ही जप्त करू शकतो. कलम 69 प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत ते वनोपज सरकारचेच मानले जाते. महाराष्ट्राने घातलेल्या कलम 61-अ आणि पुढच्या कलमांखाली अधिकृत अधिकारी ट्रॅक्टर सरकारजमाही करू शकतो, फौजदारी खटल्याची वाट न पाहता. त्याआधी मालकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. माल भरला गेल्याची त्याला कल्पना नव्हती आणि त्याने पुरेशी खबरदारी घेतली होती, हे मालकाने दाखवले तर वाहन सुटते.

हा सारा फरक खड्डा बुरुजाच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरतो. पंचनाम्यात खड्ड्याची जागा, कक्ष क्रमांक, जवळच्या बुरुजाचा क्रमांक, शक्य असेल तर अक्षांश-रेखांश नसतील, तर पुढे वर्षभराने न्यायालयात कुणी काय सिद्ध करायचे? जप्ती खरी असते, गुन्हाही खरा असतो, आणि खटला पडतो तो दोन ओळी न लिहिल्यामुळे.

अटकेचे कलम 64. एक महिना किंवा त्याहून अधिक कैद असलेल्या वनगुन्ह्यात वाजवी संशय असेल, तर कोणताही वन अधिकारी किंवा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. हे वाचून अनेक जण इथेच थांबतात. त्याच कलमाचे तिसरे पोटकलम मात्र सांगते की संरक्षित वनातल्या गुन्ह्यासाठी अशी अटक सरसकट करता येत नाही. ज्या कृत्याला कलम 30 च्या खंड क खाली जाहीर मनाई केलेली आहे, तेवढ्यालाच ती लागू होते. राखीव वनात जे लिहून परवानगी दिलेले नाही ते मना आहे. संरक्षित वनात जे नियमाने मना केलेले नाही त्याला साधारणपणे मुभा आहे. बीडच्या डोंगरात हे दोन प्रकार एकमेकांना लागून आहेत, आणि गुराख्याला किंवा वनरक्षकाला ते डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. अटक झालेल्याला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नेणे वन अधिनियमातच सांगितलेले आहे, आणि घटनेच्या अनुच्छेद 22 ने 24 तासांची मर्यादा घातली आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या खोलीत कुणाला चौकशीसाठी बसवून ठेवणे हा अधिकार कुठल्याच कलमात नाही.

जबाबाचा मुद्दा याहून नाजूक आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक असते. वन अधिकारी हा त्या अर्थाने पोलीस अधिकारी नाही, असे न्यायालये मानत आली आहेत. कलम 72 खाली ज्या अधिकाऱ्याला राज्य सरकारने चौकशीचे अधिकार दिले आहेत, त्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात दाखल होऊ शकतो. म्हणजे वनगुन्ह्यात सही करणाऱ्याला पोलीस ठाण्यातल्यापेक्षा जास्त जपायला हवे. हे त्याला कुणी सांगत नाही. निरक्षर मेंढपाळाचा अंगठा ज्या कागदावर उमटतो तो त्याला वाचून दाखवला गेला पाहिजे, एवढी किमान अपेक्षा मी प्रत्येक वनपालाकडून ठेवतो.

झडतीचेही तसेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 50 ने वन अधिकाऱ्याला आणि उपनिरीक्षक दर्जाच्या पोलिसाला वाजवी कारण असेल तर घरात शिरण्याचा, वाहन थांबवण्याचा, सामान तपासण्याचा अधिकार दिला आहे. अधिकार मोठा आहे, आणि वाजवी कारण हे दोन शब्द त्याची वेस आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या. तरी शिकारीची बातमी आली की पहिला संशय त्यांच्यातल्या पारध्यांच्या पालावर जातो. जात हे वाजवी कारण होऊ शकत नाही. जाळे, फासे, मांस, रक्ताचा डाग, साक्षीदाराची माहिती, यांपैकी काहीतरी हाताशी हवे आणि ते लिहिलेले हवे.

चराईबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या जिल्ह्यात वन विभाग आणि लोक यांची सर्वांत जास्त गाठ तिथेच पडते. राखीव वनात परवानगीशिवाय गुरे-मेंढ्या चारणे वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे गुन्हाच आहे. संरक्षित वनात मात्र ते राज्याने कलम 32 खाली केलेल्या नियमांवर अवलंबून आहे. जनावरे राखीव वनात किंवा संरक्षित वनाच्या रीतसर बंद केलेल्या भागात शिरली, तर कलम 70 प्रमाणे ती धरून कोंडवाड्यात घालता येतात. रीतसर बंद केलेल्या, हे शब्द महत्त्वाचे आहेत. रोपवनाला पाच वर्षे चराईबंदी असेल तर ती कोणत्या आदेशाने, कोणत्या क्षेत्रापुरती, गावाला कशी कळवली, याचा कागद हवा. तोंडी चराईबंदी म्हणजे कायदा नव्हे.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. कॅलिफोर्नियात सिएरा राखीव वनात परवाना न घेता मेंढ्या चारल्या म्हणून ग्रिमॉड आणि आणखी एका मेंढपाळावर खटला झाला होता. परवान्याचा नियम अमेरिकी काँग्रेसने केला नव्हता, कृषी मंत्र्यांनी केला होता. मंत्र्याने केलेला नियम मोडला म्हणून माणसाला फौजदारी शिक्षा कशी देता येईल, असा त्यांचा सवाल होता, आणि खालच्या न्यायालयाला तो पटलाही. 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 1897 च्या कायद्याने नियम करण्याचा अधिकारही दिला आहे आणि तो मोडल्यास शिक्षाही कायद्यानेच ठरवली आहे. तपशील भरणे हे अधिकाऱ्याचे काम आहे आणि ते वैध आहे. मेंढपाळ हरले. तिथल्या सार्वजनिक वनांवरच्या सगळ्या अंमलबजावणीला या निकालाने आधार दिला. मला त्यातले दुसरे सूत्रही तितकेच मोलाचे वाटते. अधिकाऱ्याचा नियम चालतो तो विधिमंडळाने दिलेल्या अधिकाराच्या चौकटीत राहून आणि जाहीर होऊन. आष्टीच्या माळावर मेंढ्या घेऊन निघालेल्या धनगराला तो नियम दाखवता आला पाहिजे.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत बीडने अलीकडे बरेच सोसले आणि पाहिले आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि लोक संतापाने पेटले. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याला मारण्याचा आदेश कलम 11 खाली फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, तेही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे याची खात्री पटल्यावर आणि कारणे लिहून. ना जिल्हाधिकारी, ना आमदार, ना गावची सभा. तो आदेश निघाला आणि डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घातली गेली. वर्षभराने माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून नेऊ लागली आणि ती बातमी जगभर गेली. सूडकथा म्हणून ती वाचली गेली, पण गावकऱ्यांचे खरे दुखणे हे होते की वानर हा संरक्षित प्राणी, त्याला ते स्वतः पकडू शकत नव्हते आणि त्यांना वन विभागाची वाट पाहावी लागली. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम 30 चौरस किलोमीटर. अभयारण्यात प्रवेशावरच कलम 27 ची मर्यादा आहे. मोर आणि काळवीट मात्र कुठेही असले, शेतात असले तरी, पहिल्या अनुसूचीने संरक्षित आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. एक गोष्ट पोलीस आणि वन विभाग दोघांनीही ध्यानात ठेवायला हवी. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय कलम 55 प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून घेते, नुसत्या दोषारोपपत्रावरून नाही.

मार्च 2025 मध्ये शिरूर कासार इथे हरणांच्या शिकारीचा आरोप असलेल्या एका माणसाच्या घराची वन विभागाने झडती घेतली. त्यानंतर काही दिवसांतच ते घर वनजमिनीवरचे अतिक्रमण म्हणून यंत्राने पाडले गेले. जिल्ह्याचे लक्ष त्या माणसाच्या राजकीय ओळखींकडे होते. मला त्यातला कायदा महत्त्वाचा वाटतो. शिकार हे 1972 च्या कायद्याचे प्रकरण, अतिक्रमण हे 1927 च्या कायद्याचे. दोन्ही फायली वेगळ्या, पुरावे वेगळे, नोटिसा वेगळ्या. राखीव वनातले अतिक्रमण हटवण्याचा आणि बांधकाम पाडण्याचा अधिकार कलम 26 ला महाराष्ट्राने जोडलेल्या पोटकलमाने वन अधिकाऱ्याला दिला आहे. तो अधिकार जमीन वन असल्यामुळे येतो, घरमालक दुसऱ्या गुन्ह्यात आरोपी असल्यामुळे येत नाही. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. आरोप झाला म्हणून घर पाडता येत नाही. अनधिकृत बांधकामालाही 15 दिवसांची नोटीस, सुनावणी आणि कारणांसह आदेश हवा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागा आणि न्यायालयाने पाडायला सांगितलेली प्रकरणे यांना त्या निकालात अपवाद आहे. वनजमिनीचे नाव त्या अपवादात स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे ज्या ज्या वेळी वनजमिनीवर यंत्र चालेल, त्या त्या वेळी नोटिशीची तारीख, आदेश आणि हद्दीचा नकाशा हे तीन कागद लोकांसमोर यायला हवेत. डोंगर मोकळा करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण अतिक्रमण वर्षानुवर्षे उभे राहू देऊन एखाद्या आठवड्यात अचानक कायदा आठवणे याने वनही वाचत नाही आणि न्यायही होत नाही.

अतिक्रमण म्हटले की बीडमध्ये लगेच गायरानाचा विषय निघतो. गायरान ही महसुली जमीन, तिच्यावरचा अंमल जिल्हाधिकाऱ्याचा आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 53 चा. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून या जमिनींची मागणी उभी राहिली. पुढे एकनाथ आवाडांनी याच जिल्ह्यात गायराने कसणाऱ्या दलित कुटुंबांची लढाई लढवली. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. वनजमिनीला तो निर्णय लागत नाही. तिथे 1980 चा कायदा आडवा येतो. कित्येक कुटुंबे मात्र आपण गायरान कसतो आहोत अशाच समजुतीत वनाच्या हद्दीत कसत आली आहेत, आणि त्यांना ते पहिल्यांदा कळते ते नोटीस आल्यावर.

वनजमिनीवर जुना कब्जा असलेल्यांसाठी वेगळा कायदा आहे, 2006 चा वन हक्क अधिनियम. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा हवा, आणि अनुसूचित जमातीबाहेरच्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. बीडमध्ये अनुसूचित जमातींची लोकसंख्या दोन टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे हा कायदा आपल्यासाठी नाहीच अशी समजूत इथे पसरली आहे. ती खरी नाही. कलम 3 मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क आहे आणि जुन्या संस्थानांतले निस्तारासारखे सामूहिक हक्कही शब्दशः नमूद आहेत. हैदराबाद संस्थानातून आलेल्या जिल्ह्याला याहून थेट आमंत्रण कोणते? कलम 4 चे पाचवे पोटकलम सांगते की पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाही वननिवासीला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून उठवता येणार नाही. कलम 5 ग्रामसभेला वन आणि वन्यप्राणी राखण्याचा अधिकार देते. म्हणजे अंमलबजावणीचा हक्क फक्त गणवेशाकडे राहिलेला नाही.

पण ग्रामसभा भरायची कधी? दसरा-दिवाळीनंतर बीडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते चैत्राच्या आसपास परततात. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या गावांत त्या काळात म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात. वन हक्काचे दावे मागवायला ग्रामसभेला तीन महिन्यांची मुदत आहे. ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. नवे राखीव वन जाहीर करायचे तर वन अधिनियमाच्या कलम 6 खाली हक्क सांगायला किमान तीन महिने द्यावे लागतात, आणि त्याचा जाहीरनामा स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणे सक्तीचे आहे. या मुदती डिसेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपल्या, तर कागदावर सगळे नियमाप्रमाणे होते आणि ज्यांचा हक्क आहे ते कोयता घेऊन फडात असतात. अशा मुदती पावसाळ्यातच सुरू कराव्यात, असा साधा आदेश जिल्हा पातळीवर निघू शकतो. त्याला कायद्यात कसलीही दुरुस्ती लागत नाही.

वनरक्षकाच्या बाजूनेही बोलायला हवे. एका नियतक्षेत्राचा सगळा भार त्याच्या एकट्यावर असतो, वणवा लागला तर जाळरेषा राखायची, रात्री मुरमाचे ट्रॅक्टर अडवायचे, विहिरीत पडलेले काळवीट काढायचे. वन अधिनियमाचे कलम 74 सद्भावनेने केलेल्या कामासाठी त्याला संरक्षण देते आणि त्याच्यावर हात उचलणाऱ्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम 132 आहे. वन अधिनियमाच्याच कलम 79 प्रमाणे वनातून काही हक्क किंवा सवलत मिळणाऱ्यांनी वणव्यात आणि गुन्हा रोखण्यात त्याला मदत करायची असते. पण त्याला मिळणारे प्रशिक्षण, वाहन, कायदेशीर सल्ला यांचा विचार करता, एवढ्या कलमांचे ओझे आपण त्याच्या खांद्यावर पुरेशा तयारीविना टाकले आहे. हे पुस्तक ज्या दोघांसाठी लिहिले आहे त्यातला एक तो आहे. दुसरा आहे डोंगराकाठच्या गावातला माणूस, मग तो कसणारा असो की चारणारा. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असल्याने, पुढील प्रकरणांत अटक, झडती आणि जप्तीची कलमे नव्या क्रमांकांनी दिली आहेत.

वाचण्यापूर्वी आपल्या गावाचे काही कागद जवळ घ्यावेत. तलाठी कार्यालयात गाव नमुना 1-अ ही वनांची नोंदवही असते आणि 1-ई ही अतिक्रमणांची. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि खासरा पत्रकाची नक्कल मिळते. वनपरिक्षेत्र कार्यालयात त्या गावच्या वनाची अधिसूचना, कक्षांचा नकाशा आणि बुरुजांची यादी मागावी. ती मिळाली नाही तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करावा. अधिसूचना निजामकाळातली निघाली तर मूळ उर्दू मजकुराची साक्षांकित प्रतही मागावी, कारण तंटा न्यायालयात गेला की शेवटी तीच पाहिली जाते.